पीएमसी भिंत लावताना करंटचं काय होतं? आदर्श चुंबकीय वाहकाच्या सीमा-अटी, पायरी पायरीने

अँटेना, वेव्हगाइड किंवा मोटारीचं सिम्युलेशन शिकायला घेतलं की सुरुवातीलाच दोन आदर्श भिंती भेटतात. एक आदर्श विद्युतवाहक, म्हणजे पीईसी. दुसरी आदर्श चुंबकीय वाहक, म्हणजे पीएमसी. पीईसी समजायला जड जात नाही. तांब्याचा पत्रा आपण हाताळलेला असतो, त्यातला रोध शून्य केला की झाला पीईसी. पीएमसीचा पत्रा मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. शिकवताना त्याच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, 'विद्युत आणि चुंबकीय यांची अदलाबदल करा' एवढं सांगून विषय पुढे सरकतो. मग विद्यार्थी सॉफ्टवेअरसमोर बसतो आणि अडतो. भिंतीवर एच (भिंतीला समांतर चुंबकीय क्षेत्र) शून्य, तर भिंतीवर ठेवलेल्या करंटचं काय? तार भिंतीला जाऊन टेकली तर? भिंतीने तारेला चारी बाजूंनी वेढलं तर?

अदलाबदल गणितात खरीच आहे. पण आपण तारेत सोडतो तो करंट विद्युत असतो, आणि त्याला उत्तर द्यायला पीएमसीकडे स्वतःचा विद्युतप्रवाह नसतो. म्हणून मी शिकणाऱ्या प्रत्येकाला एकच आग्रह करतो: आधी करंट कुठून निघतो आणि कुठे परत येतो ते कागदावर आखा, भिंत त्यानंतर लावा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने जातात.

सोबत काय हवं

- कागद, पेन्सिल आणि उजव्या हाताचा नियम. हा नियम जितका पक्का, तितकं पुढचं सगळं सोपं.
- मॅक्सवेलची चार समीकरणं, आणि कर्ल म्हणजे काय याची कामापुरती समज.
- स्थिर चुंबकीय क्षेत्रासाठी एफईएमएम. द्विमितीय आहे, मोफत आहे, सरावाला उत्तम.
- उच्च वारंवारतेसाठी ओपनईएमएस, हेही मोफत. कॉलेजात एचएफएसएस, सीएसटी किंवा कॉमसॉल असेल तर तेही चालेल.
- एक वही, ज्यात प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक भिंतीपुढे 'ही अट का लावली' हे एका ओळीत लिहायचं.

पायरी १: चार अटी लिहून काढा, दिशेसकट

दोन प्रदेशांच्या सीमेवर लंब एकक सदिश एन घ्या. तो प्रदेश २ मधून प्रदेश १ कडे जातो. मग:

एन × (एच१ − एच२) = जे
एन × (ई१ − ई२) = −एम
एन · (डी१ − डी२) = पृष्ठावरचा विद्युतभार
एन · (बी१ − बी२) = पृष्ठावरचा चुंबकीय भार

ई हे विद्युत क्षेत्र, एच हे चुंबकीय क्षेत्र, डी आणि बी या त्यांच्याशी जोडलेल्या फ्लक्स-घनता. जे हा पृष्ठावरचा विद्युतप्रवाह, एकक अँपिअर प्रति मीटर. एम हा पृष्ठावरचा चुंबकीय प्रवाह, एकक व्होल्ट प्रति मीटर. एकटा चुंबकीय भार निसर्गात असू शकेल, असा विचार डिरॅक यांनी १९३१ मध्ये मांडला. प्रयोगांत तो अजून सापडलेला नाही. तेव्हा एम हे हिशेबाचं साधन आहे, आणि तसंच ते वापरायचं. दुसऱ्या ओळीतलं उणे चिन्ह विसरलं तर पुढे किरणोत्सर्गाचं गणित उलटं पडतं, म्हणून ते आत्ताच लाल पेनाने लिहून ठेवा.

पायरी २: अट कोणती आणि हिशेब कोणता, हे वेगळं करा

प्रदेश २ पीईसी असेल तर आत सगळी क्षेत्रं शून्य. भिंतीवरची अट: एन × ई = ०. त्यासोबत बी चा लंब घटक शून्य होतो. एन × एच = जे ही मात्र अट नव्हे. भिंतीवर किती करंट वाहतो, हे उत्तर आल्यानंतर काढायचा तो हिशेब आहे.

प्रदेश २ पीएमसी असेल तर अट: एन × एच = ०. डी चा लंब घटक शून्य होतो. एन × ई = −एम हा नंतरचा हिशेब.

परीक्षेत आणि कोडमध्येही मुलं चारही ओळी अटी म्हणून लावतात. मग अटी गरजेपेक्षा जास्त होतात आणि समीकरणांना उत्तर उरत नाही. प्रत्येक भिंतीला एकच स्पर्शी (पृष्ठाला समांतर घटकाची) अट, एवढं धरून चाला.

सरळ येऊन आपटणाऱ्या सपाट लहरीवर हे लगेच तपासता येतं. पीईसीवर ई चा परावर्तन गुणांक −१, पीएमसीवर +१. पीईसीच्या पृष्ठावर ई शून्य आणि एच दुप्पट. पीएमसीच्या पृष्ठावर ई दुप्पट आणि एच शून्य. ई आणि एच यांचं गुणोत्तर, म्हणजे पृष्ठाचा इम्पिडन्स, पीईसीवर शून्य आणि पीएमसीवर अनंत. मधली मोकळी हवा ३७७ ओमची.

पायरी ३: करंटची प्रतिमा काढा

सपाट, अनंत भिंतीसाठी भिंत काढून टाकता येते आणि तिच्या जागी करंटची प्रतिमा ठेवता येते. विद्युतप्रवाहाच्या चार शक्यता अशा:

- पीईसीला समांतर करंट: प्रतिमा उलट दिशेची.
- पीईसीला लंब करंट: प्रतिमा त्याच दिशेची.
- पीएमसीला समांतर करंट: प्रतिमा त्याच दिशेची.
- पीएमसीला लंब करंट: प्रतिमा उलट दिशेची.

पाठ करू नका, तिसरी ओळ एकदा स्वतः काढून पाहा. भिंतीपासून ठरावीक उंचीवर एक लांब तार आहे, करंट कागदात जातो. भिंतीखाली तेवढ्याच अंतरावर दुसरी तार, करंट तोच, दिशाही तीच. दोन्हींच्या मधोमध असलेल्या पातळीवर कुठलाही बिंदू घ्या आणि उजव्या हाताने दोन्ही क्षेत्रं काढा. पातळीला समांतर घटक एकमेकांना कापतात, लंब घटक जुळतात. म्हणजे स्पर्शी एच शून्य झाला, पीएमसीची अट पाळली गेली. प्रतिमेची दिशा चुकली की नाही हे कळायला यापेक्षा भरवशाचा मार्ग नाही.

याला प्रत्यक्षातला आधारही आहे. स्थिर करंटाला मऊ लोखंडाची जाड पाटी बऱ्याच अंशी पीएमसीसारखी वागते, कारण तिची पर्मिएबिलिटी (चुंबकीय फ्लक्स वाहून नेण्याची क्षमता) हवेच्या हजारोपट असते. करंट वाहणारी तार लोखंडाकडे ओढली जाते, कारण प्रतिमेतला करंट त्याच दिशेचा आणि एका दिशेचे समांतर करंट एकमेकांना ओढतात. १० अँपिअर, भिंतीपासून १० मिलिमीटर अंतर, म्हणजे प्रतिमेपासून २० मिलिमीटर: ओढ मीटरमागे १ मिलिन्यूटन येते. एफईएमएममध्ये हे मॉडेल काढा आणि हा आकडा जुळतो का पाहा.

अँटेनावाल्यांना पीएमसी का हवा, तेही या चार ओळींतच आहे. पीईसीला समांतर डायपोल (दोन सरळ भुजांची साधी अँटेना) जवळ नेला की उलटी प्रतिमा त्याला मारते. म्हणून तो पाव तरंगलांबीवर ठेवावा लागतो, २.४५ गिगाहर्ट्झला सुमारे ३१ मिलिमीटर. पीएमसीवर तोच डायपोल जवळजवळ टेकवून ठेवता येतो.

पायरी ४: भिंतीवर टेकवलेला करंट समजून घ्या

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश जाऊ.

प्रश्न असा: पीएमसीवर एन × एच = ०. पण मी भिंतीवर जे एवढा विद्युतप्रवाह ठेवला तर पहिल्या अटीप्रमाणे एन × एच = जे. दोन्ही एकाच जागी खरं कसं?

दोन्ही एकाच जागी नाहीतच. ठेवलेला करंट भिंतीच्या किंचित वर आहे, मग ती फट कितीही लहान असो. फटीत, भिंतीला लागून, स्पर्शी एच शून्य. करंटाची चादर ओलांडली की एच एकदम जे ने उडी मारतो. चादरीच्या वर एन × एच = जे. फट शून्याकडे नेली तरी हा क्रम मोडत नाही: भिंत, मग चादर, मग मोकळी जागा. लिहिताना 'पीएमसीचा पृष्ठप्रवाह' आणि 'पीएमसीवर ठेवलेला पृष्ठप्रवाह' हे दोन शब्दप्रयोग नेहमी वेगळे ठेवा. पहिला शून्य असतो. दुसरा तुम्ही स्रोत म्हणून दिलेला असतो आणि तो पूर्ण ताकदीने किरणोत्सर्ग करतो.

आकड्यांत पाहू. मोकळ्या हवेत अनंत सपाट चादर, करंट सगळीकडे सारखा, १ अँपिअर प्रति मीटर, वर्गमाध्यमूळ (आरएमएस) मूल्य. दोन्ही बाजूंना एच ०.५ अँपिअर प्रति मीटर, ई साधारण १८८ व्होल्ट प्रति मीटर. प्रत्येक बाजूला दर चौरस मीटरमागे साधारण ९४ वॉट जातात. आता तीच चादर पीएमसीवर टेकवा. खालच्या बाजूला एच शून्य, म्हणून पूर्ण उडी वरच्या बाजूला: एच १ अँपिअर प्रति मीटर, ई ३७७ व्होल्ट प्रति मीटर, आणि दर चौरस मीटरमागे ३७७ वॉट, सगळे एकाच बाजूला. आधी दोन्ही बाजू मिळून १८८ होते. तोच करंट, पण दुप्पट शक्ती, कारण प्रतिमा त्याच्यावरच येऊन बसली आहे आणि ती त्याच दिशेची आहे. चादर पीईसीवर टेकवली असती तर उलटी प्रतिमा तिच्यावर बसून बेरीज शून्य झाली असती. करंट 'शॉर्ट' होतो म्हणतात तो असा.

समतुल्यता तत्त्वात हेच वापरतात. लव्ह यांनी १९०१ मध्ये आणि शेल्कुनॉफ यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या मांडणीनुसार, स्रोताभोवती बंद पृष्ठ घ्यायचं, त्यावर जे = एन × एच आणि एम = −एन × ई ठेवायचे, आणि बाहेरचं क्षेत्र पुन्हा मिळवायचं. आतलं क्षेत्र शून्य धरल्यामुळे आत काहीही भरता येतं. आत पीएमसी भरला तर एम शॉर्ट होतो आणि फक्त जे उरतो. आत पीईसी भरला तर जे शॉर्ट होतो आणि एम उरतो.

सापळा याच्या पुढे आहे. 'फक्त जे उरला' म्हणून तो मोकळ्या हवेच्या सूत्रात घालतात, आणि उत्तर चुकतं. जे आता पीएमसीच्या वस्तूसमोर उभा आहे, तेव्हा त्या वस्तूसकटचं ग्रीन फलन (एका बिंदू-स्रोताचं क्षेत्र देणारं सूत्र) हवं. पृष्ठ सपाट आणि अनंत असेल तरच सोपी वाट मिळते: प्रतिमा घ्या, २ जे घाला, भिंत काढा. गोलाकार किंवा पेटीसारख्या पृष्ठाला हा दुप्पट करण्याचा नियम लागू नाही.

पायरी ५: करंटचा परतीचा रस्ता तपासा

ही पायरी कुणीच वगळू नये. दोन तपासण्या आहेत.

पहिली, भिंतीत घुसणारा करंट. कर्ल एच चा लंब घटक केवळ स्पर्शी एच वरून ठरतो. पीएमसीवर स्पर्शी एच सगळीकडे शून्य, म्हणून कर्ल एच चा लंब घटकही शून्य. अँपिअर–मॅक्सवेलच्या नियमाने तो वाहक करंट आणि विस्थापन करंट यांच्या लंब घटकांच्या बेरजेइतका असतो. डी चा लंब घटक आधीच शून्य आहे. उरतं काय? भिंतीला लंब करंट शून्य. म्हणजे पीएमसीमध्ये विद्युतप्रवाह शिरू शकत नाही आणि त्यातून बाहेरही येऊ शकत नाही. तारेचं टोक पीएमसी भिंतीवर नेऊन सोडलं आणि तिथून करंट 'बाहेर जाईल' असं धरलं, तर ते मॉडेल भौतिकशास्त्रालाच धरून नाही. पीईसीवर हे चालतं, कारण तिथे करंट पृष्ठावर पसरून पुढे जातो.

दुसरी तपासणी जास्त फसवी आहे: पीएमसीने पूर्ण वेढलेली तार. लोखंडी नळीच्या मधोमध १० अँपिअरची एकच तार घ्या, नळीची आतली त्रिज्या २० मिलिमीटर. लोखंड आदर्श मानून नळीच्या आतल्या पृष्ठावर पीएमसी लावला, म्हणजे स्पर्शी एच शून्य. आता त्याच वर्तुळावर अँपिअरचा नियम लावा. वर्तुळाभोवतीची बेरीज शून्य यायला हवी, पण आत तर १० अँपिअर आहेत. सरळ विसंगती.

खरं काय घडतं? सममितीमुळे एच हा करंट भागिले परीघ एवढाच राहतो, सुमारे ८० अँपिअर प्रति मीटर. नळीच्या आतल्या कडेवर, हवेत आणि लोखंडात, तो सारखाच. फरक बी मध्ये पडतो. हवेत ०.०००१ टेस्ला, आणि सापेक्ष पर्मिएबिलिटी २००० धरली तर लोखंडात ०.२ टेस्ला. पर्मिएबिलिटी कितीही वाढवा, कडेवरचा एच शून्याकडे जात नाही. तार मध्यापासून सरकवली तरी, पर्मिएबिलिटी अनंत धरल्यावर वर्तुळावर तोच एकसारखा स्पर्शी एच राहतो. क्लॅम्प मीटर चालतो तो याच कारणाने: केबलीभोवतीच्या गाभ्यात एच शून्य होत नाही.

म्हणून 'अनंत पर्मिएबिलिटीचं लोखंड म्हणजे पीएमसी' हे वाक्य एका अटीवरच खरं आहे. लोखंडाने वेढलेल्या प्रत्येक बंद वळणातून जाणारा निव्वळ करंट शून्य असला पाहिजे. मोटारीच्या खाचेत किंवा ट्रान्सफॉर्मरच्या खिडकीत लोखंडाच्या जागी पीएमसी लावण्याआधी हे मोजा. उपाय तीन आहेत:

- परतीची तार त्याच प्रदेशात घ्या, म्हणजे बेरीज शून्य होईल.
- प्रदेश गोल असेल तर शून्याऐवजी स्पर्शी एच = करंट भागिले परीघ ही अट द्या.
- आकार वेडावाकडा असेल तर पीएमसीचा मोह सोडून खरं लोखंड मॉडेलमध्ये काढा.

सॉफ्टवेअर ही चूक नेहमी सांगत नाही. स्थिर क्षेत्रात मॅट्रिक्स सिंग्युलर होतो किंवा सॉल्व्हर फिरत राहतो, तेव्हा निदान कळतं तरी. बदलत्या करंटात मात्र उत्तर मिळतं आणि तेच धोक्याचं. पीएमसीच्या लांब नळीत एकच तार असेल, करंट लांबीभर सारखा असेल, तर परतीचं काम विस्थापन करंट करतो. त्यासाठी तारेच्या दिशेने एक ई तयार होतो, आणि त्याची सरासरी करंट भागिले (वारंवारता, पर्मिटिव्हिटी व क्षेत्रफळ यांचा गुणाकार) या प्रमाणात असते. वारंवारता खाली आणा, ई फुगत जाईल. कमी वारंवारतेला मॉडेलमधला ई अवाच्या सवा वाढताना दिसला तर मेश बारीक करत बसू नका, परतीचा रस्ता शोधा.

पायरी ६: सममितीची पातळी निवडा

रोजच्या कामात पीएमसी सर्वाधिक लागतो तो इथे. मॉडेल अर्धं किंवा पाव करायचं असतं. नियम करंटवरून लावा: करंट पातळीला लंब छेदत असेल आणि दोन्ही बाजूंना एकाच दिशेने वाहत असेल तर पीईसी. करंट पातळीला समांतर असेल आणि दोन्ही बाजूंना सारखा असेल तर पीएमसी.

मध्यभागी फीड (करंट पुरवणारी जोडणी) दिलेला अर्ध-तरंग डायपोल घ्या. त्याला मधोमध आडवी कापणारी पातळी पीईसी. त्याचा अक्ष जिच्यात आहे अशी कुठलीही उभी पातळी पीएमसी, कारण एच डायपोलभोवती वर्तुळात फिरतो आणि त्या पातळीला लंबच असतो.

इम्पिडन्स दुरुस्त करायला विसरू नका. पीईसीने कापलं की व्होल्टेज अर्धं, करंट पूर्ण, म्हणून मॉडेलमध्ये ७३ ओमच्या जागी ३६.५ दिसतात. पीएमसीने तार उभी चिरली की व्होल्टेज पूर्ण, करंट अर्धा, म्हणून १४६ दिसतात. दोन पीएमसी आणि एक पीईसी अशा तिन्ही पातळ्या लावल्या तर व्होल्टेज अर्धं आणि करंट पाव, पुन्हा १४६. शक्ती दर पातळीमागे निम्मी होते.

आकार सममित असला तरी स्रोत सममित नसेल तर भिंत लावू नका. एका बाजूने फीड दिलेल्या पॅचला (सपाट पत्र्याच्या अँटेनाला) फीड ज्या रेषेवर आहे तिथूनच पीएमसीने कापता येतं, आडवं नाही.

पायरी ७: वेव्हगाइडवर हात बसवा

डब्ल्यूआर-९० हा प्रमाण आकाराचा चौकोनी वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची नळी) घ्या, आतून २२.८६ × १०.१६ मिलिमीटर. टीई१० मोडची (त्यातल्या सर्वात खालच्या लहर-रचनेची) कटऑफ, म्हणजे जिच्याखाली लहर जात नाही ती वारंवारता, ६.५६ गिगाहर्ट्झ. रुंद बाजूच्या मध्यावर उभी पातळी टाका. तिथे ई सर्वाधिक आणि स्पर्शी एच शून्य, म्हणून पीएमसी लावला तर अर्ध्या वेव्हगाइडमध्येही कटऑफ ६.५६ च राहते. त्याच जागी पीईसी लावून पाहा: टीई१० नाहीसा होतो आणि पहिली कटऑफ १३.१ वर जाते. मॉडेल तेच, उत्तर दुप्पट. अहवालात बिनबोभाट निघून जाणारी चूक असते ती अशी.

वर-खाली पीईसी आणि दोन्ही बाजूंना पीएमसी अशी चौकोनी नळी केली तर तिच्यात सपाट लहर सरळ जाते. युनिट सेलवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनेच्या एका घटकावर) लंब आपाताची चाचणी याच युक्तीने होते. लहर तिरकी येणार असेल किंवा सेल आरशात सारखी दिसत नसेल तर ही युक्ती चालत नाही, आवर्ती सीमा लावावी लागते.

पायरी ८: सॉफ्टवेअरची डीफॉल्ट भिंत ओळखा

- एफईएमएममध्ये बाहेरच्या कडेवर काहीच दिलं नाही तर नैसर्गिक अट लागते: स्पर्शी एच शून्य, म्हणजे पीएमसी. कडेवर ए (चुंबकीय सदिश विभव) = ० दिलं तर फ्लक्स कडेला समांतर राहतो, म्हणजे पीईसीसारखं. निदान एका ठिकाणी ए ची किंमत ठरवून द्यावीच लागते.
- एचएफएसएसमध्ये बाहेरची कड मुळात पीईसी असते. पीएमसी हवा तर 'परफेक्ट एच' निवडा.
- सीएसटीमध्ये 'एच-टी = ०' म्हणजे पीएमसी, 'ई-टी = ०' म्हणजे पीईसी.
- कॉमसॉलच्या मॅग्नेटिक फील्ड्स विभागात डीफॉल्ट 'मॅग्नेटिक इन्सुलेशन' असतं. ते पीईसीसारखं वागतं: बी आत शिरत नाही, पृष्ठावर करंट वाहू शकतो. पीएमसी वेगळा निवडावा लागतो.

एफडीटीडीचा (जागा आणि काळ यांचे छोटे तुकडे करून मॅक्सवेलची समीकरणं सोडवण्याच्या पद्धतीचा) कोड स्वतः लिहीत असाल तर एक बारकावा. यी यांच्या १९६६ च्या जाळीत ई आणि एच अर्ध्या घरटीच्या (घरटी म्हणजे जाळीचं एक घर) अंतरावर बसतात. पीईसी ई च्या जागेवर येतो, तर एच थेट शून्य केल्यास पीएमसी अर्धी घरटी सरकून येतो. २.४५ गिगाहर्ट्झला तरंगलांबीच्या विसाव्या भागाची घरटी ६ मिलिमीटरची, म्हणजे भिंत ३ मिलिमीटर चुकली. भिंत ई च्याच जागी हवी असेल तर पलीकडच्या एच ला अलीकडच्या एच ची उणे किंमत द्या.

पायरी ९: खऱ्या वस्तूकडे वळताना

मायक्रोस्ट्रिप पॅचच्या कडा पीएमसी मानतात, ते करंटवरूनच पटतं. कडेला लंब करंट कडेवर संपतो, आणि एन × एच = जे मुळे कडेला समांतर एच ही तिथे जवळजवळ शून्य होतो. म्हणून पॅचखालची जागा वर-खाली पीईसी आणि चहूबाजूंनी पीएमसी असलेली पेटी. पर्मिटिव्हिटी ४.४ च्या एफआर-४ या सर्किट बोर्डाच्या साहित्यावर २.४५ गिगाहर्ट्झसाठी या हिशेबाने लांबी २९ मिलिमीटरच्या आसपास येते. कडेबाहेर फुगणाऱ्या क्षेत्रामुळे प्रत्यक्षात थोडी कमी घ्यावी लागते.

कृत्रिम चुंबकीय वाहक म्हणून सर्वात ओळखीचं पृष्ठ सीव्हनपायपर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं: जमिनीच्या पत्र्यावर छोट्या पॅचची जाळी, प्रत्येकाला मधून व्हाया, म्हणजे जमिनीशी जोडणारी उभी धातूची पिन. त्यात चुंबकीय प्रवाह कुठेच नाही. विद्युतप्रवाहच पॅचवरून व्हायामार्गे जमिनीवर आणि शेजारच्या व्हायातून परत असा घुमतो, आणि पॅचमधल्या फटीत कपॅसिटन्स त्याला पुरा करतो. अनुनादाला पृष्ठाचा इम्पिडन्स खूप मोठा होतो आणि परावर्तनाची कला (फेज) शून्य अंशावर येते. +९० ते −९० अंशांमधला पट्टा उपयोगाचा मानतात. हवेइतकीच पर्मिएबिलिटी असलेल्या सब्स्ट्रेटवर (पॅच आणि जमीन यांच्यामधल्या थरावर) त्याची सापेक्ष रुंदी साधारण २ पाय गुणिले जाडी भागिले तरंगलांबी. २.४५ गिगाहर्ट्झला १.६ मिलिमीटर जाडीवर ती सुमारे ८ टक्के. एवढ्याच पट्ट्यात 'पीएमसी' म्हणा, बाहेर नाही. किल्डाल यांनी २००९ मध्ये मांडलेला गॅप वेव्हगाइडही अशाच पृष्ठावर उभा आहे: समोरासमोर पीईसी आणि पीएमसी, फट पाव तरंगलांबीपेक्षा कमी, मग मधून लहर जाऊच शकत नाही. ३० गिगाहर्ट्झला ती मर्यादा २.५ मिलिमीटर.

ही कला मोजताना संदर्भपातळी (कला जिथून मोजतात ती पातळी) नेमकी पृष्ठावर आणा. १० गिगाहर्ट्झला १ मिलिमीटरची चूक कलेत २४ अंश घालते, आणि शून्य अंशाची वारंवारता भलतीकडेच दिसते. माझी पद्धत साधी आहे. आधी पृष्ठाच्या जागी, पॅचच्या पातळीवर, कोरा पीईसी पत्रा ठेवायचा आणि सॉल्व्ह करायचं. सगळ्या वारंवारतांना १८० अंश आले नाहीत तर संदर्भपातळी सरकवत राहायचं. ते जुळलं की पत्रा काढून खरी रचना ठेवायची, पातळीला पुन्हा हात लावायचा नाही.